अस्तर

मिरच्या करपल्या तेव्हा उज्ज्वला पिसाळ कढईसमोरच उभी होती. हातात उलथणं होतं आणि ते चालूही होतं. शेडच्या दुसऱ्या टोकाला धने निवडत बसलेल्या सुमनबाई खोकत उठल्या, पदर नाकाला लावून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"वहिनी, करपल्या की सगळ्या. वास नाही आला?"

उज्ज्वलाने कढईत पाहिलं. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. धुराने तिचे डोळे झोंबत होते, घसा खवखवत होता, पण वास म्हणाल तर काहीच नाही. तिने वाकून एक मिरची उचलली, नाकाशी धरली. कोऱ्या कागदाचा तुकडा धरावा तसं वाटलं.

कराडात पिसाळांचा मसाला ओळखला जायचा तो तिच्या नाकावर. खोबरं कधी उतरवायचं, दगडफूल तेलात किती वेळ ठेवायचं, हे ती भांड्यात डोकावून ठरवत नसे. पाठमोरी उभी राहून म्हणायची, "उतरवा आता," आणि तेव्हाच उतरवलं तर मसाला जमायचा. मुलगा बेंगळुरूहून आला की वास ओळखणारं यंत्र घेऊ म्हणून मागे लागायचा. ती हसून म्हणायची, "माझं नाक झिजलं की घे."

त्या दिवशी तिने घरी कुणाला काही सांगितलं नाही. सर्दी असेल, म्हणाली. पण आधीच्याही काही गोष्टी होत्या, ज्या तिने अशाच बाजूला सारल्या होत्या. सकाळी चहा घेताना तिचे यजमान हणमंतराव गाल चोळत म्हणायचे, "काल परत झोपेत ठोसा मारलास. कुणाशी भांडत होतीस?" तिला स्वप्न आठवायचं, कुत्री मागे लागल्याचं. पोट साफ होत नसे. ब्लाउजचे हूक लावायला उजवा हात वेळ काढायचा. पन्नाशी ओलांडली, आता असंच, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आजारपण म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिला या बारीकसारीक गोष्टींचं काही वाटत नसे. सहा वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्याला व्रण पडले होते. रक्त जायचं. वजन निम्म्यावर आलं होतं. लग्नाला, बारशाला जायचं बंद झालं, कारण तिथे संडास कुठे आहे हे आधी विचारावं लागायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आतडं काढू आणि पोटावर पिशवी लावू. तेव्हा तिच्या धाकट्या भावाने, डॉक्टर धैर्यशील डुबलने, पुण्याच्या त्याच्या प्रयोगशाळेतून एक डबा आणला. आत पांढऱ्या भुकटीच्या पुड्या होत्या. ताकातून घ्यायच्या.

तो तिच्या पलंगाच्या कडेला बसून समजावत होता, लहानपणी शाळेतलं काहीबाही सांगायचा त्याच उत्साहाने.

"ताई, जिवाणू एकेकटे राहत नाहीत, वस्ती करतात. सकाळी दात घासायच्या आधी दातांवर बुळबुळीत थर लागतो ना, ती त्यांची वस्तीच. वस्ती म्हटली की घरं आली, आणि घरांना सळया लागतात. या सळया ते स्वतःच तयार करतात. प्रथिनाचे धागे असतात ते, आपल्या केसापेक्षा हजारो पट बारीक. पण चिवट असे, की उकळून विरघळत नाहीत, पोटातल्या पाचक रसांनी तुटत नाहीत."

"मग ते माझ्या पोटात कशाला घालतोस?"

"चिवट आहेत म्हणूनच. आतड्यात आधीपासून राहणारा एक गरीब जिवाणू आम्ही घेतला. त्याच्या धाग्याच्या टोकाला जखम भरून आणणारं प्रथिन जोडलं. तो तुझ्या व्रणावर जाऊन वस्ती करील, धागे विणील आणि औषध तिथेच चिकटून राहील. कपड्याला आतून अस्तर लावतात ना, तसं. नावही तेच ठेवलंय, अस्तर."

आई गेली तेव्हा धैर्यशील चौथीत होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला शर्टाला इस्त्री करण्यापर्यंत सगळं उज्ज्वलाने केलं होतं. शाळेत मार खाल्ला तरी तो आधी तिला येऊन सांगायचा. तो देतोय म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. ताकात पुडी ढवळली आणि प्यायली.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. वर्षभरात ती शेडवर उभी राहून मसाला कांडायला लागली. आणि मग धैर्यशील तिला सभांना नेऊ लागला, साताऱ्याला, सांगलीला, इचलकरंजीला. मोठमोठे डॉक्टर आकडे सांगायचे, लोक जांभया द्यायचे. मग उज्ज्वला उठायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "मी संडास शोधत जगत होते. आज बघा." एवढं बोलली की सभागृह जागं व्हायचं. सभा संपली की बाया तिच्याभोवती गोळा व्हायच्या, दबक्या आवाजात आपली दुखणी सांगायच्या, आणि ती त्यांचा हात धरून म्हणायची, "माझ्या भावाने केलंय. डोळे मिटून घ्या."

*

वास परत आला नाही. हणमंतरावांनी हट्ट धरला तेव्हा ती मिरजेला गेली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला मज्जासंस्थेच्या डॉक्टर प्रिसिला गायकवाड यांच्याकडे पाठवलं. बाई चाळिशीच्या, बोलायला सावकाश. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावलं, झोपेबद्दल विचारलं, मानेजवळची चिमटीभर कातडी काढून तपासायला पाठवली. निकाल आला तेव्हा त्यांनी हणमंतरावांनाही आत बोलावलं.

"कंपवाताची ही सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "हात अजून थरथरत नाही. पण तपासणीत दिसतंय."

हणमंतरावांनी विचारलं, "कशामुळे होतं हे?"

प्रिसिलाबाईंनी टेबलावरचा रुमाल उचलला आणि त्याच्या घड्या घालत सांगू लागल्या. "प्रथिन म्हणजे लांब दोरा समजा. त्याची नीट घडी बसली तर ते काम करतं. पण काही प्रथिनांची एक चुकीची, चपटी घडीही बसू शकते. तशा घड्या एकीवर एक रचल्या जातात आणि न तुटणारा धागा तयार होतो. वाईट असं, की या घडीची लागण होते. शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही ती आपल्यासारखंच दुमडायला लावते. मेंदूत हे वाढत गेलं की कंपवात. बऱ्याच जणांत त्याची सुरुवात आतड्यात होते, असं आता आम्हाला वाटतं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. तिथून मेंदूपर्यंत जाणारी एक लांब नस आहे. तिच्यावरून ते वर चढतं. वास आधी जातो, झोप बिघडते, हात नंतर." मग त्यांनी विचारलं, "पोटासाठी काही घेता का?"

"अस्तर," उज्ज्वला म्हणाली. "सहा वर्षं झाली."

डॉक्टरांनी रुमाल खाली ठेवला.

"अस्तर घेणाऱ्या तुम्ही माझ्याकडच्या तिसऱ्या. त्या जिवाणूंचे धागे याच चपट्या घडीचे असतात. म्हणजे साचा आयता मिळतो. पण तीन माणसांवरून मी काही ठामपणे म्हणू शकत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी हे तपासलं असेलच. त्यांना विचारा."

"तो माझा भाऊ आहे," उज्ज्वला म्हणाली. बाहेर पडताना तिला उलट जरा धीर आला होता. धैर्याला विचारलं की कळेल. त्याने तपासलं असेल तर भीती नाही, तपासलं नसेल तर आता तपासेल.

*

फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. ती बसने पुण्याला गेली. दार भावजयीने, केतकीने उघडलं. तिच्या मागे बैठकीत पुतणी ईरा पांघरूण घेऊन सोफ्यावर पडली होती. चौदा वर्षांची चवळीच्या शेंगेसारखी पोर, पण चेहरा सुजून गोल झाला होता.

"हिला काय झालं?"

"पोटाचंच," केतकी म्हणाली. "तुमच्यासारखंच, ताई. चार महिने झाले. स्टेरॉइडवर आहे, त्याने तोंड सुजलंय."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

केतकी पाणी आणायला आत गेली. ईराने आत्याचा हात धरला. "आत्या, तू बाबांना सांग ना. मला पण तुझ्यासारखं बरं व्हायचंय. ते म्हणतात अस्तर मोठ्या माणसांसाठी आहे, तू लहान आहेस."

उज्ज्वला तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मागच्या वर्षी सांगलीच्या सभेला एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. त्या मुलीच्या हातात पहिली पुडी धैर्यशीलनेच ठेवली होती. फोटो काढला होता. फोटोत उज्ज्वलाही होती.

तो संध्याकाळी आला. तिला पाहून हसला. "ताई, फोन तरी करायचास. न्यायला आलो असतो."

"ईराला अस्तर का देत नाहीस?"

"लहान आहे अजून. वय बसत नाही."

"सांगलीची पोर दहा वर्षांची होती."

केतकीने ईराला उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं. दार लागल्याचा आवाज आला. धैर्यशील खुर्चीत बसला.

"मला वास येईनासा झालाय, धैर्या," उज्ज्वला म्हणाली. "मिरजेला तपासून आले."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर सरळ तिच्या उजव्या हातावर गेली. हाताबद्दल तिने अजून एक शब्दही काढला नव्हता.

तिला तेव्हाच सगळं कळलं. तरी तिने विचारलं, कारण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"उंदरांवर दिसलं होतं." तो हळू बोलत होता. "सगळ्या नाही, काही उंदरांवर. पट्टीवरून चालताना त्यांचे पाय घसरायला लागले. मेंदू तपासले तर आत धागे होते."

"कधी?"

"तुला दिल्यावर वर्षभराने."

उज्ज्वलाने मनाशी मागे जाऊन पाहिलं. साताऱ्याची सभा त्यानंतरची. इचलकरंजी त्यानंतर. सांगली तर कालपरवाची.

"म्हणजे मी व्यासपीठावर उभी होते तेव्हा तू खाली बसून ऐकत होतास, आणि तुला माहीत होतं."

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे. असं मी स्वतःला सांगितलं. नंतर माणसांतही एखाददुसरा कानावर आला. पण ताई, प्रत्येकाला होत नाही. हजारात चार-पाच. ज्यांचा कल आधीपासून असतो, त्यांनाच. बाकीचे सगळे बरे होतात. तू पाहिलंयस त्यांना."

"त्या चार-पाच जणांना कुणी विचारलं?"

"तू मरत होतीस. मी तुला वाचवलं."

"वाचवलंस. त्याला मी नाही म्हणत नाही. तेव्हा तुला माहीतही नव्हतं. पण वर्षाने कळलं, तेव्हा मला सांगायला काय झालं होतं? मी बंद केलं असतं, नाहीतर चालू ठेवलं असतं. माझं मी ठरवलं असतं."

"तू बोलली असतीस," तो म्हणाला. आता त्याने वर पाहिलं. "तुला गप्प बसता येत नाही. तू दहा जणींना सांगितलं असतंस आणि सगळं थांबलं असतं. आता सरकार प्रत्येक आरोग्य केंद्रात अस्तर देणार आहे. तसे धागे न विणणारी जिवाणूची नवीन जात आमच्याकडे जवळजवळ तयार आहे. मला थोडा वेळ दे, ताई. तोवर कुठे बोलू नकोस."

तो तिच्याकडे वेळ मागत होता. लहानपणी वरच्या फळीवरचा लाडू मागायचा तशा आवाजात.

"मला सांगितलं नाहीस, कारण मी बोलले असते," ती म्हणाली. "आणि ईराला दिलं नाहीस. बाप म्हणून बरोबर केलंस."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती उठली. केतकी आतल्या दारात उभी होती. जेवून जा, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण ती बोलली नाही. उज्ज्वलाला तिचाही राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हिच्या जागी मी असते तर मीही पोर पदराखाली झाकली असती. बसमध्ये तिला रडू आलं नाही. खिडकीबाहेर बघताना एकच गोष्ट सलत राहिली. तो तिला किती नीट ओळखत होता, आणि त्या ओळखीचा त्याने काय उपयोग केला.

*

हणमंतराव म्हणाले, "वकील गाठू." मुलगा फोनवर मामाला वाटेल ते बोलला. उज्ज्वला दोघांना म्हणाली, "ते नंतर. आधी मला माझ्या बायांना सांगू दे."

पहिली भेटली ती यास्मिन शिकलगार. ती एसटी चालवायची. आजारपणात तिचं गाडी चालवणं सुटलं होतं, कारण वाटेत पुन्हा पुन्हा थांबावं लागायचं. उज्ज्वलानेच तिला अस्तर घ्यायला लावलं होतं, आणि आता यास्मिन कराड-चिपळूणची गाडी घाट चढवत नेत होती. स्टँडवरच्या उपाहारगृहात, खाकी शर्टात, तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मला होईलच असं नाही."

"नाही. पण होऊ शकतं. तपासून घे. आणि बंद करायचं की नाही ते ठरव."

यास्मिनने चहाचा कप बाजूला सारला. "मी तपासून घेईन. पण सापडलं नाही तर बंद नाही करणार, उज्ज्वलाताई. परत ते दिवस नकोत मला. तुमच्या भावाने आधी सांगितलं असतं ना, तरी मी घेतलंच असतं."

"मग तुला राग नाही आला?"

"घेतलं असतं, म्हणून तर येतोय. मी हो म्हटलं असतं, तर मग मला विचारलं का नाही?" मग ती म्हणाली, "आणि तुमचाही आलाय थोडा. डोळे मिटून घ्या म्हणाला होतात तुम्ही."

"हो," उज्ज्वला म्हणाली. "म्हणाले होते."

तीच यास्मिन दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन घरी आली. "एकेकीला गाठत बसाल तर वर्ष जाईल. इथे बोला, मी आपल्या सगळ्या पेशंटच्या गटावर टाकते." उज्ज्वला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बोलली. भावाला शिव्या दिल्या नाहीत. वास गेल्याचं सांगितलं, उंदरांचं सांगितलं, तपासणी कुठे होते ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "घेऊ नका असं मी म्हणत नाही. यावेळी डोळे उघडे ठेवून ठरवा."

आठवड्याभरात ते बोलणं राज्यभर पोचलं. सरकारने योजना थांबवली, चौकशी नेमली. धैर्यशीलला अस्तर बनवणाऱ्या त्याच्याच कंपनीने बाहेर काढलं. उज्ज्वलाला बरं वाटेल असं त्यात काही नव्हतं. अनोळखी लोकांचे फोन यायचे. कुणी आशीर्वाद द्यायचं, कुणी विचारायचं, स्वतः बरी झालीस आणि आमचं औषध बंद पाडलंस? एक म्हातारा नुसता रडला, त्याच्या नातवाच्या पुड्या संपत आल्या होत्या. तिने स्वतःच्या पोटातली वस्ती औषधं घेऊन उठवली होती आणि महिन्याभरात रक्त पुन्हा दिसायला लागलं होतं.

*

धैर्यशील आला तो भर दुपारी. शेडच्या दारात उभा राहिला. वजन उतरलं होतं. हणमंतरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा आणून ठेवला आणि न बोलता बाहेर गेले. "दाजी," म्हणून त्याने हाक मारली, पण ते थांबले नाहीत.

"ईरा कशी आहे?" उज्ज्वलाने विचारलं.

"तशीच." मग तो भराभर बोलू लागला. हैदराबादच्या लोकांनी एक औषध काढलं होतं. चपट्या घडीच्या टोकावर ते टोपी बसवतं, म्हणजे पुढची घडी तिच्यावर बसू शकत नाही. मिरजेत डॉक्टर गायकवाडच त्याची चाचणी घेणार होत्या. लवकर सुरुवात केली तर आजार तिथल्या तिथे थांबण्याची आशा होती. "मी त्यांचे सगळे निकाल वाचलेत, ताई. औषध चांगलं आहे. मी तुझ्याबरोबर येतो. प्रत्येक इंजेक्शनला येईन. मी स्वतः लक्ष घालीन."

"औषध घेईन मी," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."

"माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि त्याला तोडायचंही नव्हतं.

"तू सांगतोयस ते खरं असेल. पण मला ते आता दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावं लागणार. तू बोलायला लागलास की मी ऐकत नाही, तू काय सांगत नाहीस ते शोधत बसते. तसं शोधत मला त्या खोलीत बसायचं नाही."

चहावर साय आली. जाताना तो वाकून तिच्या पाया पडला. ती मागे सरली नाही, पण तिचा हातही त्याच्या डोक्यावर गेला नाही. नेहमी जायचा. या वेळी तो मांडीवरच राहिला, आणि का राहिला हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मिरजेला ती हणमंतरावांबरोबर गेली. इंजेक्शनच्या खोलीत प्रिसिलाबाईंनी खुर्ची तिच्या समोर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "काय विचारायचं ते विचारा. घाई नाही."

"याने वास परत येईल?"

"नाही. गेलेलं परत येणार नाही."

"आजार आहे तिथेच थांबेल?"

"उंदरांत थांबला. माणसांत फार थोड्यांना दिलंय. त्यातल्या काहींचा आजार वाढला नाही, काहींचा वाढला."

"माझ्या पोटाचं यामुळे आणखी बिघडेल?"

"कदाचित. तुमच्यासारखं पोट असलेल्या कुणालाच अजून हे दिलेलं नाही."

"आणि दहा वर्षांनी? दहा वर्षांनी याच औषधाचं काही निघालं तर?"

प्रिसिलाबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कळेल तसं तुम्हाला सांगेन. वाईट असेल तर आधी सांगेन."

हणमंतराव अस्वस्थ होऊन खुर्चीत हलले. त्यांना वाटलं, आता ही उठेल.

उज्ज्वलाने डाव्या हाताने उजव्या दंडावरची बाही वर सारली आणि हात पुढे केला.